एकदा रांधून अनेकदा जेवताना : फ्रीझरबद्दल वाचकांचे प्रश्न

घरचं जेवण जास्तीचं करून फ्रीझरमध्ये ठेवण्याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. त्यातले निम्म्याहून अधिक प्रश्न ‘फ्रीझरमध्ये बिघडलं’ या तक्रारीचे आहेत. पण बहुतेक ठिकाणी बिघाड अन्न फ्रीझरमध्ये जाण्याआधीच्या दोन-तीन तासांत झालेला दिसतो. म्हणून त्या वेळाबद्दल जरा सविस्तर लिहिलं आहे.

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो, घरात चार माणसं. सुट्टीच्या दिवशी आठवड्याचा सगळा स्वयंपाक करून ठेवायचं दोनदा करून पाहिलं. अख्खा दिवस गेला, ओटा भांड्यांनी भरला आणि तिसऱ्यांदा करायची हिंमतच झाली नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : एका दिवसात सात दिवसांचं जेवण हा बेत सोडून द्या. तो दमवतो हे खरंच, पण घरच्या फ्रीझरलाही तो झेपत नाही. गोठलेलं अन्न गोठलेलं ठेवणं हे फ्रीझरचं मुख्य काम. नवं, न गोठलेलं अन्न गोठवायची त्याची ताकद बेताची असते. दर २८ लिटर जागेमागे २४ तासांत साधारण एक ते सव्वा किलो नवं अन्न, असा ठोकताळा धरा. तुमचा फ्रीझर ६० लिटरचा असेल तर एका दिवसात दोन ते अडीच किलोच. त्याच्यावर भरलंत तर सगळंच सावकाश गोठतं, आणि सावकाश गोठणं कसं नडतं ते पुढच्या एका उत्तरात येईलच.

सुरुवात सोप्या गोष्टीने करा. आठवड्यातून दोन दिवस, रात्री जो पदार्थ करायचाच आहे तो दुप्पट करा. चिरणं, भांडी, गॅस, सगळं एकदाच. महिन्याच्या शेवटी आठ जेवणं जमा झालेली असतील आणि त्यासाठी एकही सुट्टी गेलेली नसेल.

हे अंगवळणी पडलं की तयार पदार्थांपेक्षा पाया साठवायला घ्या. सगळ्यात उपयोगी पाया म्हणजे कांदा-टोमॅटोचा. दीड किलो कांदे, दोन किलो टोमॅटो, १५० मिलिलिटर तेल. जाड बुडाचं रुंद भांडं घ्या. बारीक चिरलेले कांदे मध्यम आचेवर ४० ते ५० मिनिटं परता. पहिली वीस मिनिटं त्यांना फक्त पाणी सुटेल, रंग येणार नाही. तेव्हा घाबरून आच मोठी केली तर कडा करपतात आणि मधले कांदे कच्चेच राहतात. रंग आल्यावर चिरलेले टोमॅटो घाला आणि उघड्यावरच आटवा. डाव तळावरून ओढल्यावर मागे वाट राहिली आणि ती लगेच भरून आली नाही, की झालं. साडेतीन किलो मालाचा हा ऐवज साधारण पावणेदोन किलो उरतो. सव्वादोनशे ग्रॅमची आठ पाकिटं होतात. एका पाकिटात अर्धा किलो भाजीचा किंवा पाव किलो कोरड्या कडधान्याचा रस्सा चार माणसांपुरता होतो. एरवी पाऊण तास खाणारं काम संध्याकाळी दहा मिनिटांवर येतं. तयार जेवणाच्या डब्यांपेक्षा ही पाकिटं जास्त उपयोगी पडतात असं आमचं ठाम मत आहे, कारण रोज त्यातून वेगळा पदार्थ होतो आणि घरच्यांना एकच चव पुन्हा पुन्हा खावी लागत नाही.

प्रश्न : नेहमीचा रस्सा चौपट केला. प्रमाण अगदी मोजून चौपट, तरी पातळ आणि फिका झाला. असं का?

उत्तर : कारण पाणी पृष्ठभागावरून उडतं आणि भांड्याचा पृष्ठभाग चौपट झालेला नसतो. चौपट रश्शाला चौपट पाणी घातलं की जास्तीचं आटायला जागाच नसते. पाणी अडीच ते तीन पटच घाला. कमी पडलं तर शेवटी वाढवता येतं.

फिकेपणाचं कारण वेगळं आहे. खूप कांदा किंवा मांस एकदम भांड्यात टाकलं की तळाची उष्णता त्याच्या अंगचं पाणी तापवण्यातच खर्च होते. जिन्नस परतला जात नाही, स्वतःच्या वाफेत शिजतो. खमंग चव परतण्यातून येते, ती इथे तयारच होत नाही. परतायचं काम दोन-तीन घाण्यांत करा आणि मग सगळं एका भांड्यात एकत्र शिजवा. मीठ आणि तिखट तिप्पट घालून चव घ्या, मग ठरवा.

प्रश्न : गरम अन्न फ्रीझरमध्ये ठेवू नये म्हणतात, म्हणून मी पातेलं रात्रभर ओट्यावर निवत ठेवते आणि सकाळी गोठवते. हे बरोबर आहे ना?

उत्तर : नाही. ही सवय आजच सोडा. या सदरात आज जे काही लिहिलं आहे त्यात ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे.

शिजताना बहुतेक जिवाणू मरतात, पण काहींचे बीजाणू, म्हणजे जाड कवचातली त्यांची निद्रिस्त रूपं, उकळत्या पाण्यातही तगतात. अन्न ६० अंश सेल्सिअसच्या खाली आलं की ते जागे होतात आणि ५ अंशांच्या खाली जाईपर्यंत वाढत राहतात. मांसाच्या आणि कडधान्याच्या मोठ्या पातेल्यांत वाढणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जिवाणू तर कोमट अन्नात फार भराभर वाढतो. जेवण करून दुसऱ्या दिवशी अनेकांची पोटं एकदम बिघडतात, त्यामागे बऱ्याचदा तोच असतो. गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, नुसते थांबतात. म्हणजे रात्रभरात जे वाढलं ते सकाळी तुम्ही तसंच जपून ठेवता.

व्यावसायिक स्वयंपाकघरांसाठीचा अमेरिकेतला नियम असा : अन्न ५७ अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत आलं पाहिजे. पहिला टप्पा कडक ठेवलाय, कारण जिवाणू सर्वात जोमाने त्याच पट्ट्यात वाढतात. पाच लिटरचं झाकलेलं पातेलं ओट्यावर ठेवलं तर त्याचा मधला भाग या वेळेत निवणं शक्यच नाही. थराची जाडी दुप्पट झाली की निवायला साधारण चौपट वेळ लागतो.

म्हणून जाडी कमी करा. पदार्थ गॅसवरून उतरवला की लगेच पसरट ट्रेमध्ये किंवा परातीत ओता. थर पाच सेंटिमीटरपेक्षा जाड नको. ट्रे नसेल तर सिंकमध्ये बर्फाचं पाणी भरा, त्यात पातेलं ठेवा आणि दर पाच मिनिटांनी तळापासून ढवळा. पाणी कोमट झालं की बदला. रस्सा किंवा सूप असेल तर आणखी एक युक्ती : ठरलेल्या पाण्यातलं अर्धा लिटर शिजवताना घालूच नका, पिण्याच्या पाण्याचा तेवढा बर्फ शेवटी टाका. पातळपणाही जमतो आणि तापमान धाडकन उतरतं.

भांड्याला हात लावल्यावर चटका बसेनासा झाला की फ्रिजमध्ये, पूर्ण गार झालं की पाकिटं भरून फ्रीझरमध्ये. अन्न ओट्यावर एकूण दोन तासांच्या वर राहू देऊ नका. खोलीचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास.

गरम पातेलं थेट फ्रीझरमध्ये ठेवू नये, हेही खरंच. त्याने शेजारची पाकिटं अर्धवट सुटतात आणि वाफेचा बर्फ सगळीकडे धरतो. पण याचा अर्थ अन्न ओट्यावर निवू द्यायचं असा नाही, तर ते आपण झटपट निववायचं असा आहे.

प्रश्न : विकतचे गोठवलेले मटार आणि भाज्या छान टवटवीत राहतात. माझ्या भाज्या मात्र वितळल्यावर लिबलिबीत होतात आणि डब्यात पाणी साचतं. काय चुकतं?

उत्तर : गोठायला लागणारा वेळ. पाणी बर्फ होताना साधारण ९ टक्के फुगतं. उणे १ ते उणे ५ अंशांच्या पट्ट्यात बहुतेक पाणी गोठतं. भाजी या पट्ट्यातून सावकाश गेली तर बर्फाचे मोजके पण मोठे स्फटिक होतात आणि ते पेशींच्या भिंती फोडतात. वितळल्यावर डब्यात साचतं ते पाणी त्या फुटक्या पेशींतलंच. झटपट गोठवलं तर असंख्य बारीक स्फटिक होतात आणि नासधूस कमी होते. क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकी माणसाने ही गोष्ट विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आताच्या कॅनडातल्या लॅब्राडॉर भागात पाहिली. तिथल्या कडाक्याच्या थंडीत मासे बाहेर काढताक्षणी गोठत आणि महिन्यांनी शिजवले तरी ताज्यासारखे लागत. पुढे १९२० च्या दशकात त्याने झटपट गोठवण्याची यंत्रं बनवली. आजचा गोठवलेल्या अन्नाचा उद्योग त्यातूनच वाढला.

घरी ती यंत्रं नाहीत, पण जाडी आपल्या हातात आहे. चिरलेली भाजी फडक्यावर पूर्ण कोरडी करा, ट्रेवर एकेक तुकडा सुटा पसरा, दोन-तीन तास गोठू द्या आणि मग पिशवीत भरा. तुकडे एकमेकांना चिकटत नाहीत, हवे तेवढे काढता येतात. ट्रे शक्यतो धातूचा घ्या, प्लास्टिकच्या ट्रेपेक्षा त्यात लवकर गोठतं.

दुसरं, बहुतेक भाज्या कच्च्या गोठवू नका. त्यांच्यातली विकरं म्हणजे एन्झाइम थंडीतही सावकाश काम करत राहतात. रंग उतरतो, गवतासारखा वास येतो. त्यासाठी भाजी थोडा वेळ उकळत्या पाण्यात टाकून काढायची, म्हणजे ब्लांच करायची. अर्धा किलो भाजीला चार लिटर खळखळतं पाणी. मटार दीड मिनिट, पालक आणि गाजराचे बारीक तुकडे दोन मिनिटं, फ्लॉवरचे तुरे आणि फरसबी तीन मिनिटं. वेळ भाजी टाकल्यावर पाणी पुन्हा उकळल्यापासून मोजा. एका मिनिटात पाण्याला परत उकळी आली नाही, तर तेवढ्या पाण्यात भाजी जास्त झाली आहे. काढल्याबरोबर तितकाच वेळ बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि निथळून कोरडी करा. अर्धवट ब्लांच करणं अजिबात न करण्यापेक्षा वाईट. त्याने विकरं मरत नाहीत, उलट चेवतात.

ढोबळी मिरची आणि कांदा मात्र कच्चे गोठवले तरी चालतात. काकडी, मुळा, सॅलडची पानं यांच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : रश्शातले बटाटे वितळल्यावर स्पंजासारखे का होतात? आणखी कोणते जिन्नस वगळावेत?

उत्तर : बटाट्यातला स्टार्च थंडीत पाणी सोडतो आणि मागे रवाळ, पोकळ गर उरतो. बटाटा कुस्करून, थोडं लोणी घालून गोठवला तर चालतो. फोडी मात्र वितळवताना ताज्या उकडून घाला. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो. पास्ता दोन मिनिटं कमी शिजवा आणि सॉसपासून वेगळा गोठवा, नाहीतर तो सॉसमधलं पाणी पिऊन लगदा होतो. कच्चं अंडं कवचासकट कधीच गोठवू नका, कवच तडकतं.

प्रश्न : फ्रिजमधला भात दुसऱ्या दिवशी कडक होतो, म्हणून गोठवायचा विचार आहे. पण शिळा भात विषारी असतो असंही वाचलं. खरं काय?

उत्तर : दोन्हींत तथ्य आहे. शिजलेला स्टार्च गार होताना पुन्हा घट्ट रचनेत जातो आणि दाणा कडक होतो. ही क्रिया शून्याच्या जरा वर, म्हणजे फ्रिजच्या तापमानाला सर्वात जोरात चालते आणि गोठल्यावर जवळजवळ थांबते. म्हणून भात आणि पाव दोन्ही फ्रिजपेक्षा फ्रीझरमध्ये चांगले राहतात. वाफ देऊन चांगलं गरम केलं की दाणा परत मऊ होतो.

विषाचं असं : तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. ‘चांगला वाफवून घेतला की झालं’ हा समज इथे धोक्याचा आहे. भाताला आपण दोन तासही देत नाही. शिजल्याबरोबर ट्रेमध्ये दोन-तीन सेंटिमीटर थरात मोकळा करा, तासाभरात गार करून पाकिटं भरा. अडीचशे ग्रॅमचं चपटं पाकीट दोघांना पुरतं. भात किंचित ओलसर असतानाच भरा. कोरडा पडेपर्यंत थांबलात तर तो नंतर मऊ होणार नाही. वापरताना वितळवू नका. गोठलेलाच भात एक मोठा चमचा पाणी शिंपडून, झाकून, मायक्रोवेव्हमध्ये तीन-चार मिनिटं ठेवा, मध्ये एकदा हलवा. सगळा भात वाफाळला पाहिजे.

प्रश्न : पांढरा सॉस आणि दही घातलेला रस्सा दोन्ही फाटले. वाचवता येतात का?

उत्तर : पांढरा सॉस बऱ्याचदा वाचतो. मैदा आणि कॉर्नफ्लोअर यांनी धरून ठेवलेलं पाणी गोठताना सुटतं. मंद आचेवर गरम करताना सॉस जोरात घोटा किंवा मिक्सरमधून एकदा फिरवा, पुष्कळसा जुळून येतो. दही फाटलं की ते जुळत नाही. चवीला ठीक असतं, दिसायला कणीदार.

पुढच्या वेळी दाटपणा आणणारे जिन्नस, दही, साय, चीज हे सगळं गोठवण्याच्या आधी घालूच नका. पाकिटावर ‘शेवटी अर्धी वाटी दही’ असं लिहून ठेवा. महिन्याभराने ते आठवणार नाही.

प्रश्न : कडधान्यं एकदम शिजवून ठेवता येतात का? किती?

उत्तर : गोठवण्याला सर्वात मानवणारा जिन्नस म्हणजे कडधान्य. एक किलो कोरडे छोले किंवा राजमा भिजून शिजल्यावर सव्वादोन ते अडीच किलो भरतो. रात्रभर भिजवा, पाणी फेका, नव्या पाण्यात शिजवा. दाणा बोटांत दाबल्यावर दबला पाहिजे, पण फुटता कामा नये. गरम करताना तो आणखी शिजणार आहे. मीठ अर्धंच. टोमॅटो, चिंच, लिंबू असं आंबट काही शिजवताना घालू नका, आंबटाने साल मऊ होत नाही.

शिजवलेलं पाणी फेकू नका. पाकिटात दाणे बुडतील इतकं तेच पाणी घाला. कोरडे गोठवलेले दाणे कडेने सुकतात आणि चिरतात.

राजम्याबद्दल एक इशारा. कच्च्या राजम्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ते घालवायला किमान दहा मिनिटं, आणि शक्यतो अर्धा तास, खळखळ उकळी लागते. मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये ते तापमान येतंच असं नाही आणि अर्धवट शिजलेला राजमा जबर उलट्या घडवतो. साध्या पातेल्यात उकळून किंवा प्रेशर कुकरमध्ये शिजवून मगच तो साठवा.

प्रश्न : महिन्याभराने काढलेला रस्सा कडवट लागला. खराब झाला होता का?

उत्तर : तो नीट निववून, न वितळता उणे १८ अंशांवर राहिला असेल तर खराब झालेला नसणार. मसाल्यांचा हा खेळ आहे. लसूण, लवंग आणि मिरी गोठल्यावर उग्र आणि कडवट होतात. कांद्याची चव बदलते. मिठाचा ठसा कमी होतो आणि तेल-चरबी असलेल्या पदार्थांना मीठ लवकर खवट करतं. म्हणून लसूण आणि मसाले निम्मे, मीठ निम्मं. उरलेलं गरम करताना घाला. हिरवी पानं तर शेवटीच.

प्रश्न : चिकनच्या तुकड्यांवर पांढरे सुके डाग पडतात. टाकून द्यावेत का?

उत्तर : टाकू नका. हे फ्रीझर बर्न. हवेशी संबंध आलेल्या जागचा बर्फ वितळण्याऐवजी थेट वाफ होऊन उडतो आणि मागे सुकलेला, चिवट भाग उरतो. खायला धोका नाही, फक्त तेवढा भाग बेचव लागतो. कापून काढा.

टाळायचं तर हवा घालवा. जाड, फ्रीझरसाठीची झिप पिशवी घ्या. घरात सामान बांधून आलेल्या पातळ पिशव्यांतून ओलावा निसटतो. पिशवी उंच भांड्यात उभी करून तिच्या कडा बाहेर दुमडा, म्हणजे भरताना झिपवर तेल लागत नाही. झिपला तेल लागलं की ती बंद दिसते पण बंद नसते. एक कोपरा उघडा ठेवून पाण्याच्या भांड्यात पिशवी झिपपर्यंत हळूच बुडवा. पाण्याचा दाब हवा बाहेर ढकलतो. मग कोपरा बंद करा. पिशवी आडवी ठेवून दोन सेंटिमीटर जाडीची चपटी गोठवा, दुसऱ्या दिवशी पुस्तकांसारखी उभी रचा.

डबा वापरत असाल तर वर दोन सेंटिमीटर जागा रिकामी ठेवा, कारण पाणी फुगणार आहे. काचेची बरणी असेल तर तोंडापाशी अरुंद होणारी अजिबात नको. फुगणारा बर्फ त्या खांद्याला अडतो आणि बरणी फुटते.

आणि नाव, तारीख, किती माणसांपुरतं, हे तिन्ही भरण्याआधी कोरड्या पिशवीवर लिहा. सूप, रस्सा आणि शिजवलेलं मांस दोन-तीन महिन्यांत संपवा. उणे १८ अंशांवर सतत राहिलेलं अन्न त्यानंतरही घातक होत नाही, चव मात्र जाते.

प्रश्न : आमच्याकडे एका दाराचा फ्रिज आहे, वर छोटा बर्फाचा कप्पा. त्यात चालेल का?

उत्तर : कप्प्यावरचे तारे पाहा. एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. चार तारे असतील तरच तो नवं अन्न नीट गोठवण्यासाठी बनवलेला आहे. एका ताऱ्याच्या कप्प्यात घरचं जेवण आठवड्याहून जास्त ठेवू नका. तारे नसतील तर फ्रीझरचा थर्मामीटर रात्रभर आत ठेवा आणि सकाळी दार उघडल्याबरोबर वाचा.

प्रश्न : सकाळी पाकीट काढून ठेवायचं हमखास विसरते. संध्याकाळी सात वाजता आठवतं. ओट्यावर ठेवलं तर साडेआठपर्यंत सुटत नाही.

उत्तर : ओट्यावर ठेवायचंच नाही. बाहेरचा थर तासभर कोमट होऊन बसतो आणि आत दगड असतो. विसरण्याची सवय गृहीत धरून पाकिटं चपटी करा, म्हणजे आधी काढायची गरजच उरत नाही. पिशवी अर्धा मिनिट नळाखाली धरा, आतली गोठलेली चादर सुटेल. ती मोडून पातेल्यात टाका, तीन-चार मोठे चमचे पाणी घाला, झाकण ठेवा आणि मंद आचेवर दहा मिनिटं सोडा. मग ढवळून आच वाढवा. रस्सा कडेला नव्हे, मध्यभागी खदखदला पाहिजे. थर्मामीटर असेल तर आतून ७४ अंश.

कच्चं मांस असेल तर गळत नसलेल्या पिशवीत बांधून गार पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला. अर्ध्या किलोला साधारण तास लागतो. सुटलं की लगेच शिजवा.

मायक्रोवेव्हमध्ये कडा उकळतात आणि मधे बर्फ राहतो, त्याचं कारण असं की बर्फ मायक्रोवेव्हच्या लहरी फार थोड्या शोषतो आणि पाणी भरपूर. जिथे आधी सुटलं तिथेच मग सगळी उष्णता जाते. शक्ती तीस टक्क्यांवर ठेवा, दोन-दोन मिनिटांनी थांबा, तुकडे सुटे करा.

प्रश्न : वितळलेलं पुन्हा गोठवलं तर चालतं का?

उत्तर : फ्रिजमध्ये वितळलेलं आणि अजून गार असलेलं पुन्हा गोठवता येतं, पोत थोडा जातो. कच्चं मांस फ्रिजमध्ये वितळवून शिजवलं, तर तो शिजवलेला पदार्थही गोठवता येतो. पण एकदा गरम करून ताटात आलेलं परत फ्रीझरमध्ये नको, आणि दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेलं तर नकोच. म्हणून पाकिटं एका जेवणापुरतीच करा.

प्रश्न : आठ महिन्यांच्या बाळासाठी भाज्या गोठवता येतील?

उत्तर : हो. मऊ शिजवून गाळा, गार करा, स्वच्छ बर्फाच्या ट्रेमध्ये भरा. एका खणात साधारण दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिलिलिटर मावतं. गोठल्यावर वड्या पिशवीत काढा आणि दोन महिन्यांत संपवा. मीठ, साखर घालू नका. लागतील तेवढ्याच वड्या आधी पूर्ण वाफाळेपर्यंत गरम करा, ढवळा, मग कोमट होऊ द्या. न ढवळलेल्या वाटीत एखादा कढत भाग लपलेला असतो. बाळाचा चमचा लागलेलं उरलं तर टाकून द्या, त्यात लाळ गेलेली असते.

प्रश्न : सुट्टीवरून परतलो तर घड्याळ बंद पडून पुन्हा सुरू झालेलं, म्हणजे वीज गेली होती. फ्रीझरमधलं सगळं कडक होतं. खावं की टाकावं?

उत्तर : वीज किती वेळ गेली ते कळलं तर उत्तर सोपं आहे. दार उघडलं नाही तर गच्च भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरतो. वीज परत येताना घरी असाल तर अन्नात बर्फाचे कण दिसतायत का ते पाहा. दिसत असतील, किंवा ते फ्रिजइतकं, म्हणजे ४ अंशांपर्यंत गार असेल, तर पुन्हा गोठवता येतं.

वेळ माहीत नसेल तर खुणा शोधा. चपट्या पिशव्या एका बाजूला झुकून, फुगून गोठल्या आहेत का? सुटे मटार एक गठ्ठा झाले आहेत का? पिशवीबाहेर रस गळून गोठला आहे का? यातलं एकही दिसलं तर शिजवलेलं अन्न आणि मांस टाकून द्या. वास किंवा चव घेऊन खात्री करू नका, आजारी पाडणाऱ्या जिवाणूंना बहुधा वास नसतो.

पुढच्या प्रवासाआधी एक पेला पाणी फ्रीझरमध्ये गोठवा, बर्फावर एक नाणं ठेवा आणि निघा. परतल्यावर नाणं वरच असेल तर पेल्यातला बर्फ टिकला आहे. मधोमध रुतलेलं असेल तर बर्फ बराचसा सुटला होता. तळाशी गेलं असेल तर सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे, मग पाकिटं कितीही कडक लागोत.